माणशी दोनच

टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी इमारतीत सगळे त्यांना ऑपरेटरबाईच म्हणत. उभी हयात दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेली. त्यांचा स्वतःचा फोन मात्र क्वचितच वाजायचा, आणि तोही बहुधा चुकून लागलेला. लग्न केलं नव्हतं. एक भाऊ होता, तोही गेला.

मग साथ आली. बातम्या ऐकून लोकांची पाचावर धारण बसली. कोपऱ्यावरच्या दुकानात अशी झुंबड उडाली की पहिल्याच दिवशी काचेचं दार फुटलं आणि पिठाच्या एका पिशवीवरून दोन शिकलेसवरलेले गृहस्थ हमरीतुमरीवर आले. दुसऱ्या दिवशी दुकानदाराने फुटपाथवर खडूने गोल आखले आणि पाटी लावली: आत एका वेळी एकच माणूस, माणशी दोनच वस्तू.

घरातलं मीठ संपलं म्हणून बाई गेल्या आणि एका गोलात उभ्या राहिल्या. पुढच्या गोलातल्या बाईने मान वळवली. ती शिवणकाम करायची.

"मावशी, काल तासभर उभी राहिले आणि शेवटचा साबण पुढच्याने नेला. मी त्याला चांगल्या चार शिव्या घातल्या. पण मास्कच्या आतून. त्याला वाटलं, मी आभारच मानतेय."

बाईंना हसू फुटलं. मग जे बोलणं सुरू झालं ते दारापर्यंत संपलंच नाही. शाळा बंद पडल्याने अडकलेले गणवेश, नवऱ्याचं घोरणं, मुलीचं गणित. घरी येऊन पिशवी उघडली तर आत दोन साबण. मीठ राहूनच गेलं होतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं. तिसऱ्या दिवशी कारण लागलं नाही. बाई सकाळीच केस विंचरून, इस्त्रीचे कपडे घालून तयार होत. आत गेल्यावर रिकाम्या हाताने बाहेर पडायची लाज वाटे, म्हणून हाताला लागेल ते घेत. साबण, काडेपेट्या, एकदा तर पायमोजे धुवायची पावडर. खोलीत हळूहळू थप्प्या लागल्या.

खालच्या मजल्यावरच्या विमा एजंटाने रोजची पिशवी हेरली होती. एका सकाळी दारावर कागद चिकटवलेला दिसला: साठेबाज. दुपारी पाचसहा जण जिन्यात जमले. सोसायटीचा सेक्रेटरी पुढे होता. दार उघडताच एजंटाने फोन पुढे करून फोटो काढला.

"एकट्या माणसाला एवढं लागतं कशाला?" सेक्रेटरी म्हणाला. "लोकांना हात धुवायला साबण मिळत नाही, बाई."

"न्या सगळं," बाई म्हणाल्या.

"नेणारच आहोत. पण का केलंत हे?"

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "रांगेत बोलायला मिळतं," त्या म्हणाल्या.

एजंट "बहाणे," असं पुटपुटला. थप्प्या उचलून सगळ्यांनी काढता पाय घेतला.

दुसऱ्या दिवशी बाई रांगेकडे गेल्या तर दुकानाच्या दारावर तोच फोटो. दुकानदाराने लांबूनच हात हलवून नको म्हटलं. शिवणवाली तिसऱ्या गोलात उभी होती. तिने बाईंना पाहिलं आणि मान खाली घालून फोनमध्ये डोकं घातलं.

सेक्रेटरी मनाने वाईट नव्हता. त्याला ते वाक्य खात राहिलं असावं. त्याने मजल्यांच्या पाळ्या लावल्या. रोज कुणीतरी बेल वाजवायचं, दारापासून हातभर लांब उभं राहायचं. "काय बाई, बरं आहे ना? जेवलात?" तीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेल्या बाईंना घड्याळाकडे बघत बोलणारा माणूस पहिल्या दोन शब्दांत कळायचा. आठवडाभर त्यांनी सगळ्यांना नीट उत्तरं दिली. आठव्या दिवशी खुद्द एजंटाची बायको आली आणि गप्प उभी राहिली.

"तुमचं काम पडलं असेल घरी," बाई म्हणाल्या. "मी सांगेन सेक्रेटरींना, तुम्ही पुष्कळ वेळ बोललात म्हणून."

तिच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मास्कआडूनही दिसलं. त्यानंतर बाईंनी बेलला दार उघडणं सोडलं.

पंधरा दिवसांनी त्या घराबाहेर पडल्या. नदीवरचा पूल ओलांडून पलीकडच्या वस्तीत गेल्या. चालून गुडघे भरून आले. तिथे औषधाच्या दुकानासमोर लांबलचक रांग होती आणि ओळखीचं कुणी नव्हतं. बाई शेवटाला उभ्या राहिल्या. दाराशी नंबर आला तेव्हा मागच्याला वाट देऊन त्या बाजूला झाल्या आणि पुन्हा शेवटाला जाऊन उभ्या राहिल्या.

थोड्या वेळाने काठी टेकत एक म्हातारा आला.

"शेवट हाच का?"

"हाच," बाई म्हणाल्या. "या. वेळ लागणार आहे."