पिवळ्या पेटीपाशी डावीकडे

डेलबर्टने लेकीला अजून पाहिलं नव्हतं. ती अकरा दिवसांची झाली होती आणि तेवढे दिवस तो टेक्सासकडे माल वाहत होता. त्या दुपारी तो आमच्या गावाजवळून जाणार होता. पाचच्या आत लुईव्हिलला खोकी उतरवायची होती, पण हायवेवरच्या ट्रकथांब्यावर वीस मिनिटं काढता येणार होती. मी बाळाला घेऊन तिथे यायचं, असं ठरलेलं.

निघणार तोच स्वयंपाकघरातला, ट्रकवाल्यांशी बोलायचा रेडिओ खरखरला. छतावर एरियल आहे, त्यामुळे एकोणीस नंबरच्या चॅनेलवर दहाएक मैलांतले ट्रकवाले मला ऐकू येतात.

"पिवळी पेटी, आहेस का?"

हे माझं हवेतलं, म्हणजे रेडिओवरचं नाव, आमच्या टपालपेटीवरून पडलेलं. डेलबर्टचं लंगडा कोंबडा.

"आहे. कुठवर आलास?"

"उभा आहे. पुढे कलिंगडांचा ट्रक आडवा झालाय म्हणतात."

"मी समोरून आलोय, लंगड्या," मधेच एक घोगरा आवाज आला. हे गार बिस्किटकाका, हेही हवेतलंच नाव. चेहरा मी कधी पाहिला नाही, पण मला दिवस गेल्यापासून प्रत्येक खेपेला माझी चौकशी करायचे. समोरून येणाऱ्याने मागचा रस्ता सांगायचा, ही आमची रीत. "तीन मैल गाड्या लागल्यात. दोन तास हलत नाहीस तू."

दोन तास गेले तर थांबा चुकणार. आणि पुढची खेप तीन आठवड्यांची.

मी भिंतीवरच्या नकाशावर बोट फिरवलं. "डेल, अर्धा मैल सरकलास की बाहेर पडता येतं. गिरणीचा रस्ता धर, रेल्वेच्या पुलाखालून ये. मी नेहमी तिथूनच येते."

"तू कशातून येतेस, पोरी?" काकांनी विचारलं.

"मोटारीतून."

"आणि हा?"

मी नकाशावरचं बोट उचललं. पूल बारा फुटांचा, ट्रक साडेतेरा.

"छप्पर सोलून येईल बिचारा," कुणीतरी फिदीफिदी हसलं.

"हसू नका रे, ओली बाळंतीण आहे," काका म्हणाले. "लंगड्या, गिरणीच्या अलीकडेच उजवीकडे वळ. चर्च लागेल, मग खडीचा रस्ता. अरुंद आहे, पण वर आभाळ मोकळं. पिवळ्या टपालपेटीपाशी डावीकडे वळ, की पुन्हा हायवे."

"काका, ते माझंच घर."

"मग? तूच नाही का खुणा सांगितल्या होत्यास?"

मी बाळाला दुपट्यात गुंडाळून पेटीपाशी जाऊन उभी राहिले. बऱ्याच वेळाने धुळीतून निळं बॉनेट दिसलं. त्याच्यामागे लाल. मग हिरवं. एकूण सात ट्रक. एकोणीस नंबर सगळ्यांचाच; आडवाट ज्याने ऐकली त्याने धरली. हे आमच्या दोघांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

डेलबर्टने खिडकीतून मान बाहेर काढली. चेहरा उतरलेला. "थांबू कसा गं? मागे सहाजण अडकतील."

त्याच्या केबिनमधला रेडिओ मला खालूनही ऐकू आला. "कोंबड्या, ब्रेक लाव. घर तुझं, घरात बाळंतीण, हे आम्ही ऐकलं नाही असं वाटलं का तुला?"

"तिकडे दोन तास उभे राहिलो असतो," दुसरा म्हणाला. "इथे सावली तरी आहे."

डेलबर्ट उतरला. पँटला हात तीनदा पुसले, मगच पुढे केले. लेक त्याच्या तोंडावर जांभई देऊन झोपली.  तो तिचं एकेक बोट मोजत राहिला, दोन्ही हातांची, मग पायांची.

चौदा मिनिटांनी तो निघाला. मागचे सहाही पेटीपाशी हळू डावीकडे वळले. एरवी हॉर्न दिल्याशिवाय निरोप न घेणारी ही माणसं, पण एकानेही वाजवला नाही. प्रत्येकाने स्टिअरिंगवरची दोन बोटं तेवढी उचलली.

घरात आले तर काकांचा आवाज दूर गेलेला, तुटत होता. "पेटी... कुणावर गेलीय गं?"

"कान त्याचे आहेत, काका."

नुसती खरखर. ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. त्यांच्या परतीच्या खेपेला पुन्हा सांगेन.