बाजाराच्या दिवशी गिरणी बंद

खोडाळ्याच्या बाजारात पिठाची गिरणी माझी, हौशीची. बाजाराच्या दिवशी ती बंद दिसली तर लोक समजतील, हौशी गेली. नवरा वारला त्या आठवड्यातही मी पट्टा चढवला होता. म्हणून मी ती मधेच बंद केली त्या दिवसाची गोष्ट अजून निघते, आणि दुसऱ्यांनी वाकडीतिकडी सांगण्यापेक्षा मीच सांगते.

माझी सून चंदा शाळेत बाई आहे. जव्हारची पोर, बोलायला मऊ, पण डोक्यात घेतलं की सोडायची नाय. गिरणीला लागून पंचायतीची एक खोली आहे. तिथे तिनं शाळेचा कॉम्प्युटर मांडला, छपरावर तार ताणली आणि तिच्या नाशिकच्या सरांनी दिलेली रेडिओची छोटी पेटी त्याला जोडली. पेटी नुसता आवाज पकडणार, त्यातून अक्षरं उकलायची कॉम्प्युटरनं. मला तर एक शिट्टी ऐकू यायची, बास. चंदा म्हणाली, "आई, तारपा वाजवणारा सूर फिरवतो आणि नाचणारे वळतात ना? या शिट्टीची लहर तशीच मधे मधे उलटते. कुठे उलटली ते कॉम्प्युटर ओळखतो आणि त्यावरून अक्षर लिहितो." एवढं मला कळलं. तारपा काय मी आज ऐकते?

पण सरपंच तुळशीदासांना ती खोली खताच्या पोत्यांसाठी हवी होती. "निरोपाला फोन आहे की," म्हणाले.

"पावसाळ्यात तो महिना महिना मुका असतो, काका," चंदा म्हणाली.

मग त्यांनी अट घातली. बाजाराच्या दिवशी सगळ्यांसमोर करून दाखव, नायतर चावी दे. आधीच भरून ठेवलेलं दाखवशील, म्हणून शब्द मी ठरवणार, म्हणाले. त्या सकाळी त्यांनी एसटीडी बूथमध्ये दार लावून घेतलं आणि सरांना फोनवर एक शब्द सांगितला. तोच शब्द सर नाशिकहून रेडिओवर पुन्हा पुन्हा पाठवणार होते.

मी गिरणीवर होते, नागलीची ही रांग. थोड्या वेळानं लोक खोलीतून हसत बाहेर आले. "हौशे, तुझी सून आकाशातून कचरा पाडते!" माझं टाळकंच सरकलं. गिरणी चालूच ठेवून आत गेले. पडद्यावर नुसती गिचमीड. चंदाचं तोंड उतरलेलं, आणि सरपंच चावीसाठी हात पुढे करून उभे.

"काय बिघडलं गं?"

"काही नाही, आई."

"मूग गिळून बसू नको."

ती खाली बघत म्हणाली, "गिरणीची मोटर. तिची खरखर रेडिओत शिरते. मी नेहमी गिरणी बंद असतानाच करते. आज बाजार..."

"मग सांगायचं नाय?"

"सासूला काम थांबवा म्हणून कसं सांगू?"

घ्या! राग आला. म्हटलं, "माझा मान ठेवायला खोली घालवतेस? असल्या मानाला काय चाटायचंय?"

गेले आणि खटका पाडला. रांगेतली फागी ओरडली, "माझी नागली अर्धीच दळलीय!"

"पळून जाते का ती? माझी सून काम करतेय."

परत आत आले तर खरखर गेली होती. शिट्टी स्वच्छ, आणि पडद्यावर एकेक इंग्रजी अक्षर उमटत होतं. चंदानं मोठ्यानं वाचलं, "एल, ए, डी, के, वाय, ए." मग जोडून म्हणाली, "लाडक्या."

सरपंचांचं तोंड बघण्यासारखं झालं. दारात उभी असलेली एक धाकली पोर हसत सुटली, "अगं, हा तं काकांचा बैल!" तोवर लाडक्या पुन्हा उमटला, मग आणखी एकदा. सरळ सांगते, पोरगा नोकरीला लागला तेव्हाही माझी छाती इतकी फुगली नव्हती.

सरपंच मला म्हणाले, "हौशे, खोली राहू दे तुझ्या सुनेकडे."

"मला काय सांगता? तिला सांगा."

आजवर ते तिला पोरी म्हणायचे. पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला. "बाई, चावी तुमच्याकडेच असू द्या."

चंदानं चावी पदराला बांधली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, गिरणी अजून जरा वेळ बंद ठेवा."

लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा तिनं मला काम सांगितलं. फागीची नागली मी संध्याकाळी दळली.