टोपलीतलं भाजकं सोयाबीन आणि मी

मी डुकराचं पिल्लू बोलतोय. नाक मुरडू नका! नाकाच्या बाबतीत आमची बरोबरी करायची तुमची ऐपत नाही.

आर्वीजवळ घनश्याम आणि शकुबाई या नवरा-बायकोच्या घरामागे मी जन्मलो. आठ भावंडांत सगळ्यात लहान. आईचं दूध होतं तोवर चंगळ होती. मग एका सकाळी आम्हाला उचलून शेजारच्या कोठ्यात टाकलं आणि दूध तुटलं.

घनश्यामला कोणीतरी सांगितलं होतं, प्रोटीन दिलं की पिल्लं भराभर वाढतात. झालं! पठ्ठ्यानं घरचं सोयाबीन कच्चंच भरडलं, कोंड्यात कालवलं आणि आमच्यापुढे ठेवलं. भावंडं तुटून पडली. त्या धक्काबुक्कीत मला कोण विचारतो? पण लवकरच सगळ्यांना हगवण लागली आणि अंगं झडली.

"हे बारकं त काईच कामाचं नाई," घनश्याम माझ्याकडे बघत म्हणाला. "आष्टीच्या बाजारात देऊन टाकतो."

भिंतीपलीकडून आईचा आवाज यायचा. तो सोडून मला कुठंही जायचं नव्हतं.

पण भूक कुठं ऐकते? कोठ्याच्या दाराच्या फळीखालून सरपटत मी पडवीत पोचलो. शकुबाईनं दळणात घालायला सोयाबीन भाजून टोपलीत ठेवलं होतं. अहाहा, काय वास! मग रोज गुपचूप जायचं, चार घास हाणायचे आणि साळसूदपणे परत येऊन झोपायचं. भावंडं वाळत गेली, मी मात्र टुमटुमीत.

शेवटी शकुबाईनं रंगेहाथ पकडलं. मी असा किंचाळलो की सगळी गल्ली गोळा झाली.

"तरीच म्हणलं, सोयाबीन कमी काऊन होऊन राह्यलं!" ती ओरडली आणि मला न्याहाळत थबकली. "अवो, हा असा गुटगुटीत कसा? त्यायले बी सोयाबीनच देता ना?"

"देतो ना. कच्चं भरडून."

"कच्चं? आपल्याले पचते का कच्चं? मंग या लेकरायले कसं पचन?"

त्या दिवसापासून आमचं सोयाबीनही भाजून, बेतानं मिळू लागलं. भावंडं सावरली.

बाजाराच्या दिवशी घनश्यामनं मला उचललं, तशी शकुबाई आडवी आली. "ठेवा त्याले खाली! याच्यामुळं बाकीचे वाचले. हा कुठी जाणार नाई."

आता मी आईजवळच असतो. शकुबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "लय समजदार हाय. भावायसाठी यानं जीव धोक्यात घातला." मी मान खाली घालून ऐकतो. खरं सांगू? चोरून खाताना भावंडांची मला एकदाही आठवण झाली नव्हती. तुम्ही आर्वीकडे आलात तर आमच्या घरी जरूर या, पण एवढं मात्र शकुबाईला सांगू नका.