शिंपीणबाई किल्ली देत नाहीत

ताई लिहिते आणि मी कोड करते. आम्ही बहिणींनी तीन वर्षं खपून एकच गेम केला. एकट्याने खेळायचा, मारामारी नसलेला, गोष्टीच्या जोरावर पुढे सरकणारा. एक घड्याळजी बाई एका बेटावर उतरते. तिथल्या मनोऱ्याचं घड्याळ बंद पडलंय. ते का बंद पडलं, हे लोकांशी बोलत, वस्तू गोळा करत शोधायचं. गेम्सच्या प्रदर्शनाला तीन आठवडे उरले तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला, की आम्हा दोघींखेरीज तो कुणी खेळलेलंच नाही.

"गेममधलं ओ की ठो कळत नाही असा माणूस हवा," ताई म्हणाली.

असा माणूस नात्यातच होता. आमचे मामा. पार्सल ऑफिसात चौतीस वर्षं काढली, पण दुसऱ्याच्या नावाचं पाकीट कधी उजेडाकडे धरूनसुद्धा पाहिलं नाही, असा त्यांचा लौकिक.

रविवारी सकाळी मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले, माउस चिमटीत धरला आणि वीस मिनिटांत शिंपीणबाईंच्या घरात पोचलेही. ताई खूश झाली. या घरात खिडकीपाशी एक म्हातारी शिंपीण पाठमोरी बसलेली असते आणि तिच्या टेबलाच्या खणात होडीघराची किल्ली असते. खणावर क्लिक करायचं, किल्ली उचलायची, चालू लागायचं.

मामांनी शिंपीणबाईंवर क्लिक केलं.

"आज वारा फार आहे," शिंपीणबाई म्हणाल्या.

पुन्हा क्लिक. "आज वारा फार आहे."

सातव्यांदा तेच ऐकल्यावर मामा माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "कमी ऐकू येतं का गं त्यांना?"

"मामा, तुम्ही तो खण उघडा ना."

"बाई समोर बसलेल्या असताना?"

"त्या बघत नाहीयेत."

"मग तर मुळीच नाही."

पाऊण तास असाच गेला. शेवटी ताईचा पारा चढला. "अहो मामा, ही किल्ली चोरण्यावरच सगळी गोष्ट उभी आहे! शेवटी शिंपीणबाई जाब विचारतात, तेव्हा खेळणाऱ्याच्या काळजात चर्र होतं."

"म्हणजे चोरी तूच करायला लावणार," मामा शांतपणे म्हणाले, "आणि वर मलाच बोल लावणार? हा कुठला न्याय?"

वादात हरली की ताई भांडी घासते. त्या दिवशी तिने घासलेली भांडी पुन्हा घासली, आणि दोन दिवस माझ्याशीही बोलली नाही. मी काय केलं होतं, देव जाणे.

तिसऱ्या दिवशी तिने माझ्यापुढे कागद आपटले. "विचारू दे त्यांना. खुशाल विचारू दे. पण शिंपीणबाई किल्ली देणार नाहीत."

तिने अकरा नकार लिहिले होते. निव्वळ सूड.

मामा पुन्हा बसले. आता शिंपीणबाई वळून बोलू लागल्या.

"किल्ली? ती मला लागते. कशाला, ते लागली की सांगीन."

"बरोबर आहे," मामा मला म्हणाले. "अनोळखी माणसाला का द्यावी?"

"तुमचा चेहरा प्रामाणिक आहे. अशाच चेहऱ्यांनी मला दोनदा फसवलंय."

"असतं तसं," मामांनी मान डोलावली.

"देते. आधी सुईत दोरा ओवून द्या." मामांनी ओवून दिला. "ओवलात? मग आता शिवायलाच बसते. किल्लीचं उद्या बघू."

अकरा नकार झाले. मामांनी बाराव्यांदा विचारलं. अकरानंतर काय, हे मी कोडमध्ये लिहायलाच विसरले होते. शिंपीणबाईंची मान एकीकडे कलली, सुई हातात तशीच राहिली, आणि पडदा गोठला.

"शिंपीणबाई?" मामा म्हणाले.

"गेम अडकलाय, मामा. माझी चूक आहे," मी म्हणाले. पण तोवर त्यांनी पायात चपला सरकवल्या होत्या.

दुपारी मामीचा फोन आला. "कोण वारलं गं? हे आल्यापासून पानावर बसले नाहीत. विचारलं तर म्हणतात, मी फार छळलं त्यांना. ही बाई कोण, आणि हे तिला कधीपासून ओळखतात?"

"अगं मामी, ती बाई खरी नाहीये."

"असंच सांगतात सगळे," मामी म्हणाली.

फोन ठेवताच ताई लिहायला बसली. बाराव्या उत्तरात नकार नव्हता. मी कोडमधलं भोक बुजवलं आणि संध्याकाळी आम्ही लॅपटॉप घेऊन मामांकडे गेलो. मामी चष्मा लावून शेजारी बसली.

"घ्या," शिंपीणबाई म्हणाल्या. "बारा वेळा विचारणारं माणूस होडी घेऊन पळत नाही."

मामांनी मोठ्ठा श्वास सोडला. मामीने पडदा बारकाईने न्याहाळला. "बाई बऱ्या वाटतात," तिने निकाल दिला, "पण घर आवरत नाहीत."

चोरीची वाटही आम्ही तशीच ठेवली. ज्याला खण उघडायचा त्याने उघडावा, आणि शेवटी बोलणी खावीत.

प्रदर्शनात आमच्या टेबलावर पहिली बसली ती ड्यूटी संपवून आलेली एक नर्स. ताई खांबाआड उभी राहिली. नर्सने किल्ली मागितली. पहिल्या नकाराला ती नुसती थबकली. तिसऱ्याला ती इतक्या मोठ्याने हसली, की आजूबाजूच्या माना वळल्या.

ताई पांढरीफटक पडली. तीन वर्षं ती मला सांगत होती, की आपण शोकांतिका करतोय. "हसतेय ती," ती माझं मनगट आवळत म्हणाली. "हसं झालं माझं."

"तुझं नाही गं. वाक्याचं."

पाचव्या नकाराला नर्सच्या मागे चारजण उभे होते आणि चारही हसले. ताईची पकड सैल झाली. सहाव्याला ती खांबाआडून बाहेर आली. सातव्याला ती शिंपीणबाईंच्या आधीच वाक्य ओठांत पुटपुटत होती.

आठव्यानंतर नर्सचा फोन वाजला. ती घाईघाईने उठली, पर्स खांद्याला लावली, आणि ताईने तिच्या पर्सचा पट्टा धरला.

"अहो, बसा हो दोन मिनिटं! नववा ऐकून जा. नववा जास्त चांगला आहे!"