पुढच्या चाकांतली हवा

टायरमधली हवा आपोआप कमी होते, हे कुणीही मान्य करील. ती आपोआप वाढते असं म्हणणाऱ्या माणसाकडे लोक कसे बघतील, याची मला कल्पना होती. म्हणून बरेच दिवस मी ते कुणालाच म्हणालो नाही.

तसा आमच्या गाडीशी माझा संबंध तिच्यात बसण्यापुरता. चालवते बायको. लग्नाआधीपासून चालवत आली आहे. मीही तरुणपणी एकदा शिकायला गेलो होतो. पण शिकवणाऱ्यानं दुसऱ्याच दिवशी “तुम्ही विचार फार करता” असं सांगितलं आणि ते मला इतकं पटलं की मी पुन्हा गेलो नाही. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझं आयुष्य गेलं. तेल, पाणी, हवा, विमा हे सगळं ती बघायची आणि मी शेजारच्या सीटवर पुस्तक उघडून बसायचो.

यंदा गाडीची सरकारी तपासणी जवळ आली तेव्हा मुलाचा फोन आला.

“बाबा, टायर तेवढे बघून ठेवा. हल्ली त्यावरच अडवतात. हवा बरोबर पाहिजे. आणि टायरची नक्षी झिजून बुजली असेल तर कायद्यानं गाडी रस्त्यावर आणता येत नाही.”

“आईला सांगतो.”

“आईनंच सगळं का करायचं? तुम्ही बघा की. हवा मोजायचं गेज पाठवतो.”

मला कुणी गाडीचं काम सांगितलं, याचाच मला आनंद झाला. गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक मी पहिल्या पानापासून वाचून काढलं, दिव्यांच्या आणि सीटच्या पट्ट्यांच्या प्रकरणांसकट. हवा मोजायची ती टायर थंड असताना, गाडी चालवायच्या आधी. किती हवी तो आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. आमच्या दारावर बत्तीस होता. मी चष्मा पुसून दोनदा वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी गेज घेऊन इमारतीच्या मागच्या अंगणात गेलो. पहिल्याच चाकात काटा चव्वेचाळिसावर जाऊन थांबला. चारही चाकांत तेच. मला वाटलं, पेट्रोल पंपावरच्या माणसानं घाईत भरली असेल. मी उकिडवा बसलो, काडीनं व्हॉल्व्हमधली पिन दाबली आणि फुसफुस आवाज करत हवा बाहेर पडू लागली. थोडी सोडायची, मोजायची, परत थोडी सोडायची. चारही चाकं बत्तिसावर आणेपर्यंत माझे पाय भरून आले. पण वर आलो तो जग जिंकल्यासारखा.

“काय करत होतात खाली?” बायकोनं विचारलं.

“काही नाही. हवा बघत होतो.”

“बरं,” ती म्हणाली आणि ओट्याकडे वळली.

पुस्तकात लिहिलं होतं की हवा महिन्यातून एकदा तपासावी. पण आपण केलेलं काम बरोबर झालं असेल, यावर माझा कधीच विश्वास बसत नाही. दुसऱ्या सकाळी मी पुन्हा खाली गेलो. मागची दोन्ही चाकं बत्तीस. पुढचं एक बेचाळीस, दुसरं चाळीस.

मी दोन्ही पुन्हा मोजली. मग हवा सोडली आणि वर आलो. तिसऱ्या दिवशी पुढची चाकं पुन्हा चाळिशीच्या वर.

सगळ्यात आधी मी गेजवर संशय घेतला. दुसरं गेज आणलं. दोन्ही गेजमध्ये एखाद्या आकड्याचा फरक यायचा, पण पुढच्या चाकांबद्दल दोघांचं एकमत होतं. मग मी उन्हाचा विचार केला. तापली की हवा फुगते, हे शाळेत शिकलो होतो, आणि दुपारी अंगणात ऊन पुढच्या बाजूनं येतं. पण मी मोजत होतो सकाळी, गार टायरमध्ये. शिवाय उन्हानं दोन-चार आकडे वाढतील, दहा कसे वाढतील? तरी मी दोन दिवस पुढच्या चाकांवर जुनी चादर टाकून ठेवली. बायको खिडकीतून बघत होती. काही बोलली नाही. एरवी ती चांगली चादर अंगणात टाकल्याबद्दल माझी खरडपट्टी काढल्याशिवाय राहिली नसती.

शेवटी मी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. तो पाण्याच्या टबात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता.

“समजा,” मी म्हणालो, “एखाद्याच्या टायरमधली हवा रात्रीतून वाढत असेल, तर?”

“कमी होत असेल.”

“नाही. वाढत असेल.”

त्यानं टबातून हात काढला. “कुणाच्या?”

“एखाद्याच्या.”

“त्या एखाद्याला माझ्याकडे पाठवा, काका. दोघं भागीदारीत धंदा काढू. फुकट हवा, विजेचा खर्च नाही.” तो स्वतःशीच हसला आणि पुन्हा ट्यूबकडे वळला. “अहो, हवा वाढत नसते. एक तर दुसरं कुणी भरतंय, नाही तर तो स्वतःच भरतो आणि विसरतो.”

तो गमतीत बोलला. मी मात्र तिथून तसाच निघालो.

माझे मोठे भाऊ, आमचे दादा, शेवटची काही वर्षं असेच झाले होते. कुलूप लावायचे, किल्ली खिशात टाकायचे आणि परत येऊन त्याच कुलपाशी खटपट करत बसायचे. कुणी सांगितलं की म्हणायचे, मी आत्ताच तर आलो. पुढे पुढे त्यांनी मला ओळखणंही सोडलं. ते गेले त्या वयाच्या आसपास आता मी आलो आहे. घरी परतताना मला एकच प्रश्न पडला होता. माझ्या डोक्याचं दादांसारखं व्हायला लागलं आहे का? चाकांचं काय व्हायचं ते होवो, मला याचं उत्तर हवं होतं.

मी हवा भरतो, पण कशानं? गाडीच्या डिकीत पायानं मारायचा पंप होता. तो काढून बघितला. हातात घेतला, पाय ठेवून बघितला. काही आठवेना. पण आठवलं नाही, याचा अर्थ केलं नाही असा थोडाच होतो? दादांनाही आठवत नव्हतं.

मग मला एक युक्ती सुचली. शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा घेऊन मी पुढच्या चाकांच्या व्हॉल्व्हच्या टोपणांवर गुंडाळला आणि गाठ मारली. कुणी टोपण काढलं तर दोरा तुटणार. कुणाचा हात लागलेला दिसला तर मी सुटलो.

सकाळी गेलो. दोरा जागच्या जागी. गाठही नीट, माझ्या गाठीपेक्षा जरा नीटच, असं वाटलं. पण आपली गाठ आपल्याला कुठे लक्षात असते? दोरा सोडला, गेज लावलं. एक्केचाळीस.

मी गाडीला टेकून उभा राहिलो. कुणाचा हात लागला नव्हता. म्हणजे हात माझाच.

त्या दिवशी जेवताना मी धीर करून विषय काढला.

“अगं, आपल्या गाडीला कुणी हात लावतं का?”

“गाडीला कोण हात लावणार?” ती म्हणाली. माझ्याकडे न बघता तिनं मला आणखी वाढलं. मग उठताना गुडघ्यावर हात ठेवून जरा कण्हली.

“काय झालं गुडघ्याला?”

“काही नाही. वय झालं.”

तिचा आवाज एकदम मऊ झाला. या बाईचा आवाज माझ्याशी बोलताना मऊ झाला की मला धाकधूक होते. मी हवा सोडत राहिलो, ती वाढत राहिली. तपासणीच्या आदल्या दिवशी टायरची नक्षीही बघून घेतली. बाहेरच्या कडेच्या खाचेत काडी घातली, ती चांगली खोल गेली. आतल्या खाचा बघायला जमिनीवर आडवं व्हावं लागलं असतं. माझ्यानं ते झालं नाही.

तपासणीच्या दिवशी सकाळी मी शेवटची हवा सोडली आणि आम्ही निघालो. तपासणीच्या शेडमध्ये रांग होती. आमची पाळी आली तेव्हा डोक्याला टोपी घातलेली एक तरुण तपासनीस बाई दिवा घेऊन पुढे आली. दिवे, ब्रेक, हॉर्न झाले. मग ती पुढच्या चाकापाशी बसली आणि आतल्या बाजूला उजेड टाकून बराच वेळ बघत राहिली.

“हे मधोमध झिजलेत,” ती म्हणाली. “कडा चांगल्या आहेत, पण मधे नक्षी राहिलीच नाही. असे रस्त्यावर चालत नाहीत. जास्त हवेवर वर्षानुवर्षं चालवले की असं होतं. टायर मधे फुगतो आणि तेवढाच घासतो. हवा कोण भरतं?”

“मी,” बायको म्हणाली.

“मी,” मीही म्हणालो. बोलल्यावर मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती.

“किती भरता?”

“बत्तीस.”

“चव्वेचाळीस.”

तपासनीस बाईनं दिवा खाली केला. “एका वेळी एकानं सांगा.”

“टायरवरच लिहिलंय की,” बायको म्हणाली. “हा काय चार-चार, चव्वेचाळीस. मी पहिल्यापासून तेवढीच भरते.”

बाईनं त्या आकड्यावर उजेड पाडला. “त्याच्या आधीची बारीक अक्षरं बघितलीत? यापेक्षा जास्त भरू नका, असं आहे ते. टायरची शेवटची मर्यादा. तुमच्या गाडीला किती पाहिजे ते दारावर असतं. पुष्कळ जण असंच करतात, ताई.” मग ती उठली. “मागचे चालतील. पुढचे दोन बदला आणि परत दाखवा. इथे बाजूलाच टायरवाला आहे, तो लगेच बसवून देईल.”

टायरवाल्यानं गाडी आत घेतली. आम्ही बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो.

“तू भरत होतीस,” मी म्हणालो.

“दुपारी. तुम्ही झोपलात की. पुढचीच भरायचे, मागच्या चाकांपर्यंत गुडघा साथ देईना.”

“पण का?”

“सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं. तुम्ही चाकापाशी बसून हवा सोडत होतात. चांगली भरलेली हवा. आणि वर आलात ते असे खूश.” ती हातातल्या पर्सची उघडझाप करत होती. “दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. मग चादर. मग दोरा. मला दादाच दिसायला लागले.”

“दोरा तर तुटला नव्हता.”

“मीच सोडून परत बांधला. म्हटलं, तुमचं काही तरी असेल त्या दोऱ्याचं. सापडला नाही तर जिवाला लावून घ्याल.”

माझं डोकं चक्रावून गेलं. म्हणजे इतके दिवस मी माझ्या डोक्याला घाबरत होतो आणि तीही माझ्याच डोक्याला घाबरत होती, आणि मधे ती चाकं वर-खाली होत होती.

“विचारायचं होतंस मला.”

“काय विचारू? अहो, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का, असं?”

हे वाक्य तिनं मला लग्नापासून जवळजवळ रोज ऐकवलं आहे. भाजी आणायला विसरलो की, सदऱ्याची बटणं खाली-वर लागली की. नेमकी खरी वेळ आली तेव्हा तिच्या तोंडून ते निघालं नव्हतं.

“आणि तुम्ही का नाही विचारलंत?”

“विचारलं की. गाडीला कुणी हात लावतं का म्हणून.”

“ते काय विचारणं झालं?”

ते खरंच विचारणं नव्हतं. आत टायर चाकावर बसवताना धप्प असा आवाज झाला आणि आम्ही दोघंही दचकलो.

“मी मुलाला सांगितलंय,” ती हळूच म्हणाली. “त्यानं डॉक्टरांची वेळ घेतलीय. स्मरणशक्ती बघतात ते. सोमवारी. तुम्हाला काहीतरी दुसरं निमित्त सांगून नेणार होतो.” तिनं पर्समधून फोन काढला. “आता त्याला सांगते रद्द कर म्हणून. बिचारा काळजीत असेल.”

माझ्या जिवात जीव यायला हवा होता. टायरचं कोडं सुटलं होतं. हात माझा नव्हता. इतके दिवस मला हेच तर हवं होतं. पण चाकापाशी बसून मी किती सहज मानलं होतं की हे मीच केलं असणार. ते मला अजून अशक्य वाटत नव्हतं. आणि आज मी निर्दोष सुटलो, त्यात माझ्या डोक्याची साक्ष कुठेच नव्हती. साक्ष होती ती तिच्या गुडघ्याची.

“राहू दे,” मी म्हणालो.

“काय राहू दे?”

“सोमवार. जाऊन येऊ.”

“अहो, पण कळलं ना आता सगळं?”

“टायरचं कळलं.”

तिनं फोन मांडीवर ठेवला. “तुम्हाला दुसरं काही जाणवतंय का? खरं सांगा.”

“नाही. म्हणजे तेच तर. मला सांगता येत नाही.”

मग फोन पुन्हा पर्समध्ये टाकून तिनं चेन ओढली.

“मग माझंही दाखवून घेऊ,” ती म्हणाली. “इतकी वर्षं त्या आकड्याच्या आधीचं वाचलंच नाही मी. रोज डोळ्यासमोर होतं.”

ती थट्टा करत होती की काय, मला तिच्या चेहऱ्यावरून कळेना. आतून टायरवाल्यानं हाक मारली, “किती हवा भरू?” आणि आम्ही दोघं एकदमच उठलो. ती मी सांगायची वाट बघत होती आणि मी तिची.