लांबहात्या आमच्या घरात

माझ्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षी मला माझ्या जावेचा संशय यायला लागला.

जाऊ म्हणजे माझ्या धाकट्या दिराची बायको. तिला मी धाकटीच म्हणायची. दोघींचे नवरे गेले, मुली आपापल्या वाटेला लागल्या, आणि घरात आम्ही दोघी उरलो. पुढच्या खोलीत आमचं शिवणकाम चाले. पडदे, उशांचे अभ्रे, पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं. मी कापायची, ती शिवायची. भांडण मात्र दोघी मिळून.

लेक रोज फोन करायची. "आई, ये ना आता कायमची. दोन-दोन पोरं मला एकटीला आवरत नाहीत गं."

मी "बघू" म्हणून वेळ मारून न्यायची. मला जायचं नव्हतं. पण घर दोघींचं. धाकटीलाच मी नकोशी झाले असेन, तर तिथे कोणत्या तोंडाने राहायचं?

आणि नेमकं त्याच सुमाराला धाकटी दार लावून बसायला लागली.

दुपारी जेवण झालं की फोन घेऊन ती तिच्या खोलीत जायची. आतून कुजबुज ऐकू यायची. "अगं बाई!" मग "आला, आला!" मी दाराशी गेले की सगळं चिडीचूप.

"कोण आला गं?" मी एकदा विचारलं.

"कुठे कोण?"

"मग 'आला आला' कोणाला म्हणत होतीस?"

"शिंक हो, ताई. आली आली म्हणता गेली."

शिंक येते, तो येत नाही. मी अक्षरं उशिरा शिकले असेन, पण एवढं मला कळतं.

मग एके दिवशी मी बाजारातून परत आले, तर ही माझ्या खोलीत. हातात टेप. माझं कपाट मोजत होती. मला बघून टेप गळ्यात टाकली आणि म्हणाली, "काही नाही, धूळ झटकत होते."

"टेपने?"

ती मशीनवर जाऊन बसली. दोन दिवसांनी माझ्या पलंगाचा, पडद्याचा, दाराचा फोटो काढतानाही मी तिला पाहिलं. शेजारच्या इस्त्रीवालीला मी हे सांगितलं. तिने इस्त्री उभी केली आणि म्हणाली, "खोलीची मापं घेते म्हणजे भाडेकरू ठेवणार. सरळ आहे. तुमच्या लेकीशी संधान बांधलं असेल तिने आधीच."

इस्त्रीवालीची जीभ तिच्या इस्त्रीसारखीच, हे मला माहीत होतं. तरी ते शब्द डोक्यातून जाईनात. मी लेकीला फोनवर आडून विचारलं, "काकू काय म्हणते?" लेक म्हणाली, "काकू काय म्हणणार? बरी आहे ना?" त्या "बरी आहे ना"तही मला काहीतरी लपवल्यासारखं वाटलं.

असंच एकदा दुपारी एक गिऱ्हाईक आलं, पँट न्यायला. धाकटी फोन पलंगावर टाकून तशीच बाहेर धावली. दार उघडं राहिलं. मी आत गेले.

फोनच्या पडद्यावर अंधारी खोली होती. माझी खोली! माझाच निळा पडदा, माझंच दार. आणि खाली अक्षरं. मी पन्नाशीनंतर वाचायला शिकले, तेही धाकटीकडूनच, दोऱ्याच्या रिळांवरची नावं वाचत. अजून मला बोट ठेवून एकेक अक्षर लावावं लागतं. मी लावलं. जा. ऊ. न. को.

जाऊ नको.

चहा नको, साखर नको, तशी जाऊ नको.

धाकटी परत आली तेव्हा मी फोन तिच्यापुढे धरला. "मी नको झाले का तुला?"

"कोण म्हणतं?"

"इथे लिहिलंय. जाऊ नको. कोणाला कळवत होतीस? माझ्या लेकीला?"

तिने फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मटकन पलंगावर बसली. हसता हसता तिला उचकी लागली.

"अहो जाऊबाई," ती म्हणाली. ताई सोडून जाऊबाई म्हणाली की टोमणा आलाच समजायचा. "तुम्हाला वाचायला शिकवलं तिथेच चुकलं माझं! निघून जाऊ नको, असं आहे ते. भूत म्हणतंय."

"कुठलं भूत?"

"लांबहात्या."

मग तिने सांगितलं. लांबहात्या नावाच्या भुताचा मोबाइलवर एक मोठा खेळ आहे. लोकांना तो इतका आवडतो की त्याचे चाहते तेच भूत उचलतात, आपापल्या घरात सोडतात आणि नवा खेळ बनवून फुकट वाटतात. माझी पुतणी, म्हणजे धाकटीची लेक, परगावी दवाखान्यात एक्स-रे काढते. तिलाही हाच नाद. तिने तिच्या खेळासाठी आमचंच घर घेतलं होतं. फोटो आणि मापं धाकटी पुरवत होती.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही म्हणाला असतात, साठी बुद्धी नाठी."

म्हणाले असतेच. पण माझा विश्वास बसेना. "खेळून दाखव," मी म्हटलं.

तिने खेळून दाखवलं. स्वयंपाकघरातून लांबहात्या निघाला. हात जमिनीला टेकलेले. धाकटी "आला, आला!" करत खेळातल्या माझ्या खोलीत पळाली. भूत दारापाशी आलं आणि तिथेच अडकून थडथड उडायला लागलं.

"हा आत का येत नाही?"

"तुमचं कपाट दारात आलंय. माप चुकलं."

मी टेपकडे पाहिलं. आमच्या टेपचं पुढचं टोक झिजून तुटलेलं. ती दोनच्या आकड्यापासून सुरू व्हायची. कापडावर हात आपोआप दोन सोडून खूण करायचा. लाकडावर हाताला ती सवय नव्हती. हिने दिसले तेच आकडे पुतणीला वाचून दाखवले.

"शिंपीण कसली तू," मी म्हटलं. मग आठवलं. "पण भूत माणसाला घाबरवतं. 'जाऊ नको' कशाला म्हणेल ते?"

धाकटी उचकी गिळून म्हणाली, "पोरीने विचारलं, तुमच्या खोलीपाशी भुताला काय बोलायला लावू? मी सांगितलं ते."

"तू सांगितलंस?"

ती चादरीवरचा दोरा ओढत राहिली.

"मग मला तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

"तुमच्या लेकीला दोन तान्ही पोरं. मी कोणत्या तोंडाने सांगू, ताई?"

मी तिथेच बसून लेकीला फोन लावला. म्हटलं, महिना-दोन महिने येईन, हवं तेव्हा येईन, पण कायमची येणार नाही. लेक रागावली. बरेच दिवस तिने स्वतःहून फोन केला नाही. इस्त्रीवाली म्हणाली, धाकटीने मला भारलंय. म्हणू दे.

मी त्या घरातच राहिले. पुतणीच्या लग्नाच्या आदल्या वर्षी, मार्च महिन्यात, धाकटी सकाळी दवाखान्यात वारली. न्यूमोनिया झाला होता. मी तिच्याजवळ होते.