समुद्राची वरची बाजू

दगड खोटं बोलत नाही. प्राध्यापकांनी हे वाक्य तीस वर्षं वर्गात ऐकवलं. दगडांच्या पेट्या लावणाऱ्या जावयाची हमी मात्र त्यांनी कधीच घेतली नव्हती.

जावई त्यांच्याच विभागात होता. विभागात 'सर' म्हणायचा, घरी 'बाबा'. सोमवारी त्याने विभागात 'बाबा' म्हटलं, तेव्हाच प्राध्यापकांनी ओळखलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

"बाबा, बोअरमधले दगड वेगळंच सांगतायत. खाली वाळलेल्या चिखलाच्या भेगा, वरच्या थरांत लाटांच्या वळ्या. म्हणजे आधी कोरडं, मग पाणी. समुद्र मागे गेला नाही, पुढे आला."

प्राध्यापकांचं पुस्तक छापायला निघालं होतं आणि त्यातला समुद्र पहिल्या पानापासून मागे हटत होता. पेटी उलटी लावली की हटणारा समुद्र चढायला लागतो. हे सुचायला भूशास्त्र लागत नाही, जावई असणं पुरतं.

दुपारी ते मुलीला घेऊन कोठारात शिरले. लांबट पेट्यांत बोअरमधून निघालेले मनगटाएवढे जाड दगडी दांडके ओळीने झोपले होते. प्रत्येकावर वरची बाजू दाखवणारा लाल बाण.

"रंग ताजा वाटतो." त्यांनी नखाने खरवडलं. नखाला काही लागलं नाही. "मुद्दाम वाळवलाय."

"बाबा, रंग वाळतोच. आणि ज्याला डब्याचं झाकण सरळ लावता येत नाही, तो कसला कट करतोय?"

"असलेच भोळे दिसतात."

आता उरली भेग. चिखल वाळून तडकला की भेग वर रुंद आणि खाली निमुळती होते; विभागप्रमुखाचीही त्यापुढे मात्रा चालत नाही. प्राध्यापकांनी भिंग लावलं. भेग बाणाच्याच दिशेने रुंदावत होती. ते पेटीच्या पलीकडे जाऊन वाकले. तिथूनही तेच.

"काही हरवलं का, बाबा?" दारात जावई उभा होता.

"सर म्हण."

"सर, तुमचा हटणारा समुद्र तुम्हाला कुठल्या दगडात दिसला होता?"

"कड्याखालच्या शिळेत. चांगली दोन पुरुष उंच."

"कड्याखाली म्हणजे वरून पडलेली?"

"मग काय खालून उगवलेली?"

"नाही, पडताना एखादी कोलांटी..."

प्राध्यापक भिंग पुसायला लागले. भिंग स्वच्छच होतं.

"तिच्यातल्या भेगा तपासल्या होत्या, सर?"

"अवघड जागी होत्या."

मुलीने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"पुस्तक थांबवतो," प्राध्यापक म्हणाले. "अख्खा समुद्र अंगावर आला, जावईबापू."

"पण बाबा, आला म्हणजे पाणी किती होतं?" मुलीने विचारलं.

सासरे-जावई एकाच दांडक्यावर वाकले. वळ्या बोटाच्या पेरापेक्षाही बारीक होत्या; इतक्या बारीक वळ्या उथळ पाण्यातच उमटतात. दोघांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं.

पाणी गुडघाभर होतं.